किल्ली काढली तरी चालणारं इंजिन : सातारच्या एका पद्मिनीचं प्रकरण

मामाने यवतेश्वरचा घाट चढून गाडी रस्त्याकडेच्या सावलीत घेतली, किल्ली फिरवली, बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. इंजिन चालूच. नीट चालू नव्हे. भक, भक-भक, मग सबंध बॉनेट हलवणारा एक गचका, पुन्हा भक. मी मोबाइलवर मोजलं, नऊ सेकंद. शेवटच्या गचक्याला इंजिन किंचित उलटं फिरल्यासारखं वाटलं आणि कच्च्या पेट्रोलचा वास आला.

"बघितलंस? किल्ली तुझ्या हातात हाय, मग गाडी कशावर चालतीय?" मामाने विचारलं.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. मामाने नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा एक साधा कार्ब्युरेटर, ठिणगीची वीज बनवणारी कॉइल आणि ती ठिणगी वेळेवर पाडणारे पॉइंट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीत असं काहीच नाही जे उघडून बघता येत नाही. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, पण साताऱ्या-कोल्हापुरात घरगुती पद्मिन्या अजून टिकून आहेत आणि त्यांच्या तक्रारींना उत्तर देणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. बिघाड दुर्मीळ नाही. पण मामाच्या गाडीवर वर्षभरात तीन जणांनी हात फिरवला आणि प्रत्येकाच्या हाताने दुखणं थोडं वाढत गेलं. ते कसं झालं हे कळलं तर पुढच्या माणसाचे पैसे आणि हेड दोन्ही वाचतील.

तक्रारीचा इतिहास मी मामाकडून नीट विचारून घेतला. सुरुवात गाडी सिग्नलला बंद पडण्यापासून झाली होती. रेसवरचा पाय काढला की आचके देऊन थांबायची. पहिल्या मेकॅनिकने पॉइंटला पॉलिश पेपर मारला आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली. बंद पडणं थांबलं. दोनेक महिन्यांनी गाडी चढाला गरम व्हायला लागली. दुसऱ्याने रेडिएटर उतरवून साफ केला. फरक जेमतेम. मग तिसऱ्याने सांगितलं की प्लग गरम पडतायत, थंड प्लग टाकू, आणि चारही प्लग बदलले. त्यानंतर किल्ली काढल्यावर इंजिन चालू राहणं सुरू झालं. आधी सेकंद-दोन सेकंद, नंतर वाढत वाढत नऊ-दहा. सकाळी थंड गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली तर निमूट बंद होते. घाट किंवा हायवे झाला की नाही.

मामाने स्वतःपुरता उपाय शोधला होता. गाडी उभी करायची, ब्रेक घट्ट दाबायचा, चौथा गियर टाकायचा, किल्ली बंद करायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन दाबून मारायचं. हा उपाय चुकीचा नाही, उलट गाडी तशी चालू राहू देण्यापेक्षा कितीतरी बरा. भकभकताना इंजिन कधी कधी खरोखर उलटं फिरतं. उलटं फिरलं की ऑइल पंपही उलटा फिरतो, बेअरिंगला तेलाचा दाब मिळत नाही, आणि वर पिस्टनवर अवेळी बसणारे धक्के असतातच. म्हणून ज्याच्या गाडीला हे होतंय त्याने कारण सापडेपर्यंत मामाची पद्धत वापरावी. पण ती सवय झाली की माणूस कारण शोधणं सोडून देतो, तेवढं सांभाळावं.

पहिला प्रश्न विजेचा

किल्ली काढूनही इंजिन चालतं याची दोन अगदी वेगळी कारणं असतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय पान्याला हात लावू नये. एक म्हणजे किल्ली बंद करूनही कॉइलला वीज मिळत राहते. स्विच आतून झिजलेला असतो, कुणी मधेच वायर जोडलेली असते, किंवा अल्टरनेटर बसवताना चार्जिंगच्या दिव्यावाटे उलटा प्रवाह कॉइलकडे यायला वाट ठेवलेली असते. अशा वेळी इंजिन आपल्या नेहमीच्या लयीत, गुळगुळीत चालत राहतं, कारण ठिणगी ठरल्या वेळी पडतच असते. दुसरं कारण म्हणजे ठिणगी नाही, पण आत मिश्रण आपोआप पेट घेतंय. त्याचा आवाज वर लिहिला तसा असतो, अडखळता, गचके देणारा.

कानाला दुसरं कारण वाटत होतं, तरी खात्री केली. बारा व्होल्टच्या बल्बला दोन वायरी लावून एक टोक कॉइलच्या किल्लीकडून वीज येणाऱ्या टोकाला आणि दुसरं बॉडीला धरलं. किल्ली सुरू, बल्ब पेटला. किल्ली बंद, बल्ब विझला, इंजिन चालूच. इतकी साधी चाचणी वर्षभरात कुणी केली नव्हती. स्विचचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर इथे द्यायला हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीत किल्ली बंद करणं म्हणजे फक्त ठिणगी तोडणं. पेट्रोल कुणी तोडत नाही. ते फ्लोटच्या वाटीत तयार बसलेलं असतं, आणि पिस्टन खाली जाऊन ओढ निर्माण करतोय तोवर आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद फिरतं ठेवणाऱ्या, बारीक भोकातून येतच राहतं. इंजेक्शनच्या गाडीत किल्लीबरोबर पेट्रोलही तुटतं, म्हणून नव्या पिढीला हा प्रकार ठाऊकच नाही. ठिणगी नसताना मिश्रण पेटायला दोन गोष्टी लागतात, आत एखादी लाल होण्याइतकी तापलेली जागा किंवा एकूणच जास्त उष्णता, आणि दाबाखाली पुरेसं मिश्रण. इंजिन मंद फिरत असलं की मिश्रणाला त्या उष्णतेत बसायला वेळही भरपूर मिळतो. डिझेल इंजिन असंच चालतं, म्हणून गॅरेजमध्ये याला डिझेलिंग म्हणतात.

बहुतेक जण उष्णतेच्या मागे लागतात. कार्बन, प्लग, रेडिएटर, पेट्रोलचा ऑक्टेन. हे सगळं खरं आहे. पण गरम जागा जुन्या इंजिनात जवळजवळ नेहमीच असते, आणि तरी सगळी जुनी इंजिनं भकभकत नाहीत. फरक पडतो तो थ्रॉटलच्या चकतीने, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेने. चकती जवळपास बंद असली की सिलिंडरमध्ये हवा फार थोडी जाते. थोड्या हवेला कितीही दाबलं तरी दाब आणि तापमान पेटण्याइतकं चढत नाही. आयडलचा स्क्रू आत घुसवून चकती थोडी उघडी ठेवली की प्रत्येक फेरीला जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त दाब. त्यामुळे अशा गाडीत मी आधी उष्णता नाही, आयडलचा वेग बघतो.

पद्मिनीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. कॉइलला जोडायचं मीटर लावलं. गरम इंजिन, चोक पूर्ण आत, दिवे बंद, आणि आकडा ११५०. हे इंजिन ७०० ते ८००वर शांत उभं राहायला हवं. स्क्रू हळूहळू सोडत गेलो तर ९५०च्या खाली आचके देऊन बंद पडलं. म्हणजे पहिल्या मेकॅनिकने रेस वाढवली ती उगाच नव्हती, इंजिनाला तिची गरज होती. मला शोधायचं होतं ते हे, की इंजिनाला खालच्या वेगावर उभं का राहता येत नाही?

एक बदल, एक घाट

मामाचा आग्रह होता की पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कार्ब्युरेटरचा किट सगळं एकदम नवं टाकावं. मी ऐकलं नाही. सगळं एकदम बदललं तर गाडी कदाचित सुधारेल, पण कशाने सुधारली हे कुणालाच कळणार नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येऊ. ठरवलं असं की एका वेळी एकच बदल करायचा, मग शहरातून तोच यवतेश्वरचा घाट त्याच गियरने चढायचा, वर त्याच जागी किल्ली काढायची आणि सेकंद मोजायचे. दुपारची वेळही तीच ठेवली. पेट्रोल मामाचं जळत होतं, तरी दुसऱ्या फेरीनंतर आकडा मोजायची उत्सुकता त्यालाच जास्त होती.

सुरुवात प्लगपासून केली, कारण काढायला सर्वांत सोपे. चारही प्लगचं पांढरं पोर्सिलेन खडूसारखं कोरडं, टोकाला बारीक फोड आलेले. प्लग जास्त तापतोय याची ही सरळ खूण. मग "थंड प्लग" टाकूनही असं का? गाडीच्या कप्प्यात जुन्या प्लगचा डबा सापडला आणि कोडं सुटलं. जुने प्लग बॉशचे, ७ अंकाचे. नवे एनजीकेचे, ५ अंकाचे. बॉशच्या मोजणीत अंक जितका मोठा तितका प्लग गरम, म्हणजे सातावरून पाचावर येणं हे थंड प्लगकडे जाणं. एनजीकेची मोजणी बरोबर उलटी आहे, तिथे अंक जितका लहान तितका प्लग गरम. बॉशच्या साताच्या जोडीला एनजीकेचा साधारण सहा येतो. म्हणजे थंड प्लग टाकायला निघालेल्या माणसाने एक पायरी गरम प्लग टाकले होते. त्याचा हेतू चांगला होता आणि विचारही बरोबर होता, फक्त कंपनी बदलली की अंकाचा अर्थ उलटतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात प्लग घेताना नुसता "पाच नंबर द्या" असं कधीही म्हणू नये. जुना प्लग सोबत न्यावा किंवा गाडीचं नाव सांगून कंपनीच्या तक्त्यात बघायला लावावं.

योग्य प्लग टाकले, गॅप ०.६ मिमी. घाट. नऊ सेकंदांचे चार झाले. मामा खूश झाला, "एवढं चालंल की!" म्हणाला. बरेच जण इथेच थांबतात. पण इंजिन अजून ११५०वर होतं आणि खाली येत नव्हतं. प्लगने तापलेल्या जागांपैकी एक जागा कमी केली होती, एवढंच.

त्याच वेळी प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा घालून आत पाहिलं आणि कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाबही, मोजला. एक, दोन आणि चार नंबरला साधारण १२० पीएसआय, तीनला १३५. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा जास्त आलं की लोकांना आनंद होतो. तसं करू नये. इंजिन तरुण होत नसतं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर चढून वरची मोकळी जागा कमी झाली की दाब असा वाढतो. कॅमेऱ्यातही तीन नंबरच्या पिस्टनवर काळी, खरखरीत पापडी दिसली, इतर तिघांवर पातळ. भकभकणं बहुधा त्याच सिलिंडरमधून सुरू होत असावं. हेड उतरवून कार्बन खरडायचा का, हा प्रश्न आला. मी नको म्हटलं. हेड उतरवणं म्हणजे गॅस्केट, पाणी, टॅपेट, जुन्या बोल्टची भीती, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर वर्षभरात कार्बन पुन्हा तिथे. आधी बाकीचं बघायचं ठरलं.

पॉइंटची टाच

प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं; पॉइंट त्याच्यातच असतात. पॉइंटचे तोंड चकाचक, पॉलिश पेपर मारलेलं. फीलर गेज घातली तर गॅप जेमतेम ०.२५ मिमी. हवी ०.४ ते ०.५. पॉइंटची जी टाच कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, घासून पॉइंट उघडते ती एका बाजूने झिजून तिरकी झाली होती. कॅम कोरडा ठणठणीत, वर तांबूस भुकटी. तिथे ग्रीसचा एक ठिपका असायला हवा. तो कित्येक वर्षं कुणी लावला नव्हता.

इथे या प्रकरणाची सगळी साखळी उलगडली, म्हणून जरा थांबून सांगतो. ग्रीस नाही म्हणून टाच झिजली. टाच झिजली म्हणून गॅप कमी झाली. गॅप कमी झाली की कॅमला पॉइंट उघडायला उशीर होतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा, लावून पाहिलं, खूण आठ-दहा अंश मागे होती. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टनला नीट ढकलत नाही, म्हणून आयडलला जोर कमी पडून गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. हे पहिलं लक्षण. त्यावर मेकॅनिकने रेस वाढवली, म्हणजे थ्रॉटलची चकती उघडी ठेवली. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं, त्यामुळे व्हॉल्व्ह, हेड आणि पाणी जास्त तापतं. हे दुसरं लक्षण, ज्यावर रेडिएटर धुतला गेला. तापण्यावर उपाय म्हणून प्लग बदलले गेले, तेही उलट्या दिशेने. आता आत उष्णता भरपूर, चकती उघडी, प्लग गरम, आणि किल्ली काढल्यावर थांबायचं इंजिनाला काही कारणच उरलं नाही.

तिन्ही माणसांनी समोर दिसणाऱ्या लक्षणावर काम केलं. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दुपारी चार गाड्या रांगेत उभ्या असताना डिस्ट्रिब्युटर उघडून गॅप मोजायला वेळ कुणाकडे असतो? पण रेस वाढवण्याचा स्क्रू हा औषध नव्हे, हे मला फार मनापासून वाटतं. इंजिन आधी ज्या स्क्रूवर उभं राहत होतं त्यावर आता राहत नसेल, तर काहीतरी बदललेलं असतं. स्क्रू फिरवला की ते झाकलं जातं, आणि झाकलेलं दुखणं दुसरीकडून डोकं वर काढतं.

पॉइंट नवे टाकले, गॅप ०.४५, कॅमवर ग्रीसचा पातळ हात, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या वजनांचे स्प्रिंग आणि त्यांची हालचाल तपासली, तिथे काही अडकलेलं नव्हतं. टायमिंग लाइटने खूण जागेवर आणली. इंजिन चालू केलं आणि स्क्रूला हात न लावता वेग १४००वर गेला. चकती तेवढीच उघडी, पेट्रोल तेवढंच, पण आता ठिणगी वेळेवर. स्क्रू सोडत सोडत ९००पर्यंत आणला, तिथे इंजिन शांत उभं राहिलं. घाट चढताना तापमानाचा काटा आधीपेक्षा स्पष्ट खाली होता. वर किल्ली काढली, एक गचका आणि बंद. परत येताना पुन्हा दोनदा थांबून पाहिलं, एकदा लगेच बंद, एकदा सेकंदभर.

९००च्या खाली मात्र अजून घोळ होता. वेग वरखाली व्हायचा, कधी ८०० तर कधी ९५०, स्क्रूला स्पर्शही न करता. हे लक्षण बाहेरून हवा घेण्याचं. कार्ब्युरेटरच्या खालून कुठून तरी चोरून हवा जात असली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, आयडल अस्थिर होतं, आणि त्या हवेवर चकतीचा काहीच ताबा नसतो. पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारून असं गळतं शोधणारे बरेच जण आहेत. गरम इंजिनावर ते करू नये, एका ठिणगीत बॉनेटखाली आग लागते. मी तेलाच्या बुधलीतून जाडसर ऑइलचे थेंब सोडले. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर काही फरक नाही. कार्ब्युरेटरच्या बैठकीवर थोडा. थ्रॉटलच्या चकतीचा दांडा, म्हणजे स्पिंडल, जिथून बाहेर येतो तिथे ऑइल लागताच इंजिनाचा आवाज बदलला आणि वेग क्षणभर स्थिरावला. बोटाने स्पिंडल हलवला तर चक्क खडखडत होता. चाळीस वर्षं ॲक्सिलरेटरची ओढ एकाच दिशेने बसली की भोक लांबट होणारच.

कार्ब्युरेटर उतरवून लेथवाल्याकडे नेला. त्याने भोकं सरळ करून ब्राँझचे बुश ठोकले आणि स्पिंडल बेताने फिरेल इतका मोकळा केला. तो म्हणाला, "दादा, नवा कार्ब्युरेटर घेऊ नका, हा अजून तीस वर्षं जाईल," आणि मला त्याचं पटलं. जुन्या मूळ कार्ब्युरेटरचं ओतकाम आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त नकलांपेक्षा चांगलं असतं. बैठकीचा भाग नटं फार आवळल्याने किंचित वाकला होता. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर अंथरून, आठचा आकडा काढत तो घासून सपाट केला आणि नवं पॅकिंग टाकलं. आयडलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, हवेने साफ केला; त्यात तार घालू नये, भोक मोठं होतं.

पेट्रोलचं काय?

मामाचं पहिल्या दिवसापासून म्हणणं होतं की पंपावरचं पेट्रोल बदललं तेव्हापासून हे सुरू झालं. त्याची पिढी हे एकदा अनुभवून बसलेली आहे. २०००मध्ये देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हाही जुन्या गाड्यांची अशीच चर्चा होती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याचा ऑक्टेन ९५ आहे, म्हणजे आधीच्या साध्या ९१पेक्षा जास्त. ऑक्टेन जास्त म्हणजे आपोआप पेटण्याला विरोध जास्त, तर त्या बाजूने तक्रारीला जागा नाही. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला नाक नाही. त्याचा जेट पूर्वीच्या पेट्रोलसाठी कापलेला, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर आयडल डळमळतो, मग कुणीतरी पुन्हा रेस वाढवतो.

म्हणजे मामा पूर्ण चुकीचा नव्हता. पण या गाडीत पेट्रोलचा वाटा छोटा होता. हवेचं गळतं बंद झाल्यावर आयडलचा मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला आणि तेवढ्याने भागलं. मेन जेट मी बदलला नाही, कारण योग्य प्लग लावल्यावर हायवेच्या लांब फेरीनंतर पोर्सिलेनचा रंग फिकट तपकिरी येत होता. ज्याच्या प्लगवर हायवेनंतरही पांढराफटक रंग येतो त्याने जेटचा विचार करावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलून टाकल्या. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, आणि गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल हा भकभकण्यापेक्षा मोठा धोका आहे.

आणखी एक उपाय लोक सुचवतात, पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी खटकी. १९७०च्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले, तेव्हा गाड्या पातळ मिश्रणावर, उशिराच्या टायमिंगवर आणि चढ्या आयडलवर चालवाव्या लागल्या, आणि भकभकण्याची तक्रार इतकी वाढली की कारखान्यांनीच उपाय बसवले. कुठे किल्ली बंद होताच चकती पूर्ण मिटू देणारा सोलेनॉइड, कुठे आयडलच्या वाटेत सुई घालून पेट्रोल तोडणारा. त्या गाड्यांवर ते योग्यच होतं, कारण तिथे मूळ कारण दूर करायला कायद्याने वाव नव्हता. ज्यांच्या कार्ब्युरेटरवर असा सोलेनॉइड मुळातच आहे त्यांनी सर्वांत आधी तो तपासावा. किल्ली सुरू-बंद केली की "टक" असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायर सुटली आहे किंवा सोलेनॉइड गेला आहे, आणि तेवढंच दुखणं असू शकतं. मामाच्या गाडीवर तो नव्हता आणि मी बसवला नाही. चाळीस वर्षं ती त्याच्याशिवाय बंद होत आली होती.

बुश आणि पॅकिंगनंतर इंजिन ७५०वर उभं राहिलं, वेग हलेना. त्या दुपारी घाटावर सलग दहा वेळा किल्ली काढून पाहिली, मधे मधे दोन-तीन किलोमीटर चालवून. नऊ वेळा लगेच बंद. एकदा अर्धा गचका. तो अर्धा गचका तीन नंबरच्या कार्बनचा असणार असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा आणि मी कोल्हापूरला जाऊन आलो, एका बाजूने साधारण १२० किलोमीटर, चौथ्या गियरमध्ये ६५-७०ने, मधल्या चढांना इंजिनावर मोकळा भार टाकत. शहरात दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीला अशी लांब दौड मधून मधून द्यायलाच हवी. कार्बनचा सैल थर बराचसा जळून जातो. परत आल्यावर घराच्या दारात, इंजिन पूर्ण तापलेलं असताना किल्ली काढली. आवाज असा तुटला की मामा दोन क्षण स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

पाच महिन्यांनी, उन्हाळ्यात, पुन्हा साताऱ्याला गेलो तेव्हा तोच घाट केला. भकभक नाही. पॉइंटची गॅप ०.४३ मिमी, कॅमवर ग्रीस शिल्लक, आयडल ७५०. तीन नंबरचं कॉम्प्रेशन १२८, म्हणजे कार्बन सगळा गेलेला नाही, पण कमी झाला आहे. पावसाळ्यानंतर आणखी एकदा मोजायचं ठरलंय. १२०च्या जवळ आलं तर हेडला हात लावायचा नाही. मामाने कप्प्यात एक वही ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक वेळी फिरवलेला स्क्रू आणि बदललेला भाग तारखेसह लिहितो, आणि प्लगच्या डब्यावर खडूने मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव लिहिलंय.